कौसा आत्याचं चालणं

आमच्या वस्तीवरच्या बायकांची खुरपणीची टोळी ज्या टेम्पोनं जाते, तो सकाळी भरून निघतो आणि दिवस कलल्यावर परत येतो. दुपारी तो गावात उभा आहे असं मी कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी कॉलेजचं प्रॅक्टिकल आटोपून श्रीरामपूरहून एसटीनं आले, बेलापूरच्या पुढं आमच्या फाट्यावर उतरले, तर टेम्पो विहाराच्या कोपऱ्यावर उन्हात उभा होता. मागचं फाळकं उघडं होतं. आत खुरपी आणि भाकरीची गाठोडी तशीच पडलेली. एकही गाठोडं सुटलेलं नव्हतं. म्हणजे बायका शेतावर पोचल्या होत्या आणि न जेवता माघारी आल्या होत्या. टेम्पोवाले रफिकचाचा चाकाला टेकून बसले होते. मला बघून ते उठले, माझ्या खांद्यावरची सॅक काढून त्यांनी आपल्या खांद्याला लावली आणि म्हणाले, "चल बेटा, मी येतो घरापर्यंत." आमचं घर तिथून दिसतं. तेवढ्यासाठी कुणी सोबत येत नसतं. मला तिथंच कळलं, कौसा आत्या गेली...

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. घरात मी पहिलीच कॉलेजला जाणारी, म्हणून कुणाच्या कार्यक्रमाची पत्रिका असो की अर्ज, लिहायचं काम माझ्याकडे येतं. आत्याच्या जलदान विधीच्या दिवशीही वडील म्हणाले, "प्रज्ञा, तू चार शब्द लिहून वाच." मी लिहायला बसले आणि दोन ओळींवर अडकले. 'त्या कष्टाळू होत्या, प्रेमळ होत्या' असं लिहिलं आणि ते कुणाबद्दलही लिहिता आलं असतं असं वाटलं. त्या दिवशी मी काहीच वाचलं नाही. तेव्हा जे जमलं नाही ते आता लिहून बघते आहे. जमेल की नाही माहीत नाही.

कौसा आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत ती सासर सोडून भावाकडे परत आली. का, ते आमच्याकडे कुणी बोलत नाही आणि तिनं कधी सांगितलं नाही. माझ्या वडिलांना तिनं अंगाखांद्यावर वाढवलं होतं, त्यामुळं घर कुणाचं आणि पाहुणं कोण असा प्रश्न कधी आला नाही. वस्तीवरच्या बायका पूर्वी एकेकट्या कामाला जायच्या. तिनं त्यांची टोळी केली. कांदा लावायचा, ऊस खुरपायचा, सोयाबीन सोंगायचं, मळेवाल्यांशी बोलणं तिनंच करायचं आणि कोण कुठल्या पातीला बसणार हेही तिनंच ठरवायचं. स्वतः ती कडेची पात धरायची, कारण कडेच्या बाईच्या चालीनं सगळी रांग पुढं सरकते. सुट्टीत मी एकदोनदा तिच्याबरोबर गेले होते. तिचं तोंड हाताइतकंच चालायचं. शेजारच्या हिरामावशीला म्हणायची, "काय गं हिरे, गवत उपटती का त्याची माफी मागती?" हिरामावशी म्हणायची, "कौसाक्का, तुमच्या पायाला मोटार बसवली, आमच्या न्हाई." मग आत्या माझ्याकडे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायची, "आमच्या प्रज्ञाला गवत कंचं आन् कांदा कंचा वळखू येत न्हाई. पन दोन्हीचं विंग्रजी नाव येतंय बरं का." सगळी रांग हसायची. मलाही राग यायचा नाही, कारण ते ती अभिमानानंच सांगत होती हे कळायचं.

टोळीचा एक नियम होता. शेतात कुणी घसरलं, बांधावरून पडलं, तर त्या बाईला बसू द्यायचं नाही. दोघींनी काखेत हात घालून उठवायचं आणि चालवायचं. "बसलं की हाड धरतं. चाललं की सुटतं," असं आत्या म्हणायची. पाय टेकवता आला, उभं राहता आलं, म्हणजे काही मोडलेलं नाही, ही तिची परीक्षा. हिरामावशी एकदा पाटाच्या कडेवरून घसरली होती. ती रडत होती, शिव्या देत होती, तरी आत्यानं तिला बांधाला वळसे घालायला लावले. पुढच्या आठवड्यात हिरामावशी कामावर होती. त्यानंतर या नियमावर कुणी शंका घेतली नाही. वस्तीवर लहान पोर पडलं तरी आया म्हणत, "उभं कर त्याला, चालव."

आता मागं वळून बघते तेव्हा कितीतरी गोष्टी आधीच दिसत होत्या असं वाटतं. काही वर्षांपूर्वी हापशावर जोर लावताना आत्याचं मनगट मोडलं होतं. नुसता जोर लावताना... पडली नव्हती, आपटली नव्हती. प्लॅस्टर घातलं, निघालं, विषय संपला. नंतर तिच्या साड्या पायात यायला लागल्या. निऱ्या वर खोचता खोचता ती वैतागायची, "हे गिरनीवाले आजकाल साड्या मोठ्या करत्यात. कापड स्वस्त झालंय जनू." आई तिला दुजोरा द्यायची. साडी तेवढीच होती, आत्या कमी होत होती, हे कुणाच्या मनातही आलं नाही. पाठीला बाक आला होता, पण तो तर वस्तीवरच्या सगळ्याच बायकांना आहे. जन्मभर वाकून काम केलं की पाठ वाकते, यात काय नवल? गरोदर बायांना कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात हे आम्हाला माहीत होतं. ज्यांची पोरं कधीच मोठी झाली त्या बायांच्या हाडांचंही कुणाला विचारायचं असतं, हे माहीत नव्हतं.

घरकुल मंजूर होऊन आमचं घर झालं तेव्हा फरशी निवडायला आत्या स्वतः श्रीरामपूरला आली होती. दुकानदारानं खरबरीत फरशी दाखवली तर ती तिनं हातानं बाजूला सारली. "ही गोठ्यात टाका. आमाला आरशावानी पायजे." घर झाल्यावर ती रोज संध्याकाळी ती फरशी पुसायची आणि आल्यागेल्याला म्हणायची, "बघा, तोंड दिसतंय." खरंच दिसायचं.

ती पडली तीही याच फरशीवर. सकाळची वेळ होती. अंघोळ करून ती ओल्या पायांनी मोरीतून बाहेर आली आणि तेवढ्यात रफिकचाचांनी हॉर्न वाजवला. कुणी आपली वाट बघत थांबावं हे तिला खपायचं नाही, म्हणून ती पळालीच. मी सॅक भरत होते. मला आवाज आला... मोठा नव्हता. भरलेलं पोतं कुणी हळूच खाली टेकवावं तसा आवाज. तो आवाज मला अजून येतो. बसमध्ये, लायब्ररीत, कधी नुसतंच. आम्ही धावलो तर ती कुशीवर पडली होती आणि हसत होती. "फरशीनं चितपट केलं गं मला!" टेम्पोतल्या बायकाही उतरून आत आल्या. आई म्हणाली, "हलवू नका, आदी बघू द्या." आत्यानंच तिला गप्प केलं. "काय बघायचंय? ए हिरे, धर इकडून. उठवा मला." दोघींनी काखेत हात घातले. ती उठली. पाय टेकवला. ओठ घट्ट मिटले, रंग उतरला, पण उभी राहिली. हिरामावशी ओरडली, "उभी ऱ्हायली! न्हाई मोडलं!" सगळ्यांनी श्वास सोडला. मीही.

त्या दिवशी ती कामावर गेली नाही, हेच मोठं. संध्याकाळी टेम्पो आला तशा सगळ्या बायका घरी न जाता सरळ आमच्याकडे आल्या. नियम म्हणजे नियम. आत्याला दोन्हीकडून धरून त्यांनी बाहेर काढलं आणि घरापासून विहारापर्यंत चालवत नेलं. वस्तीवरची लहानमोठी सगळी माणसं बाहेर आली. कुणी म्हणत होतं, "आता मुकादमीन सापडली तावडीत, चालवा दमवून." हिरामावशीनं तर तिचेच शब्द तिला परत केले, "काय कौसाक्का, चालताय का रस्त्याची माफी मागताय?" रफिकचाचा टेम्पो अगदी हळू मागून आणत होते आणि खिडकीतून म्हणत होते, "थकला असाल तर बसा मागं. बिदागी नको." आत्या हसत होती, प्रत्येकाला उत्तर देत होती, आणि पावलागणिक जांघेत हात दाबत होती. "लचक हाय," ती म्हणाली, "सुटंल." विहारात तिनं खुर्ची नाकारली. बुद्धमूर्तीपुढं उभ्यानंच हात जोडले आणि परत चालत आली. वस्तीवर इतकी आनंदाची संध्याकाळ त्याआधी बऱ्याच दिवसांत झाली नव्हती. मला ती आठवू नये असं वाटतं आणि तीच सारखी आठवते.

असं त्यांनी तिला काही दिवस चालवलं. रोज संध्याकाळी, दमून आल्यावरही. दुखणं कमी होत नव्हतं. वाताचं असेल म्हणून शेकलं, लचक असेल म्हणून पट्टा बांधला. मग एका संध्याकाळी विहाराच्या पायरीवर पाय उचलताना ती "आई गं" म्हणाली आणि बायकांच्या हातांतच खाली बसली. आम्ही तिला आडवी केली तेव्हा एक पाऊल बाहेरच्या बाजूला वळून पडलं होतं आणि तो पाय दुसऱ्यापेक्षा आखूड दिसत होता. टेम्पोत गादी टाकून तिला श्रीरामपूरला नेलं आणि तिथून नगरला.

नगरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो उजेडावर धरून आम्हाला दाखवला. ते चांगले होते, सावकाश बोलत होते. म्हणाले, खुब्याचं हाड पहिल्याच दिवशी मोडलं असणार, पण तुटलेली टोकं एकमेकांत रुतून बसली होती, म्हणून त्या उभ्या राहू शकल्या. "असं होतं कधी कधी. माणूस चालतोसुद्धा. मग ती टोकं निसटतात." हाडं फार ठिसूळ झालीत, असंही त्यांनी सांगितलं. त्या पडल्या म्हणून हाड मोडलं की हाड मोडलं म्हणून पडल्या, हेही नक्की सांगता येणार नाही म्हणाले. हिरामावशी आमच्याबरोबर आली होती. तिनं पदर तोंडाशी धरून विचारलं, "म्हंजे... आमी चालीवलं म्हनून निसाटलं का?" डॉक्टर थांबले. "मी तसं म्हणत नाही, मावशी. तुम्हाला कसं कळणार होतं?" पण ते थांबले होते, आणि हिरामावशीनं ते थांबणं ऐकलं होतं.

ऑपरेशन झालं. खुब्याचा मोडलेला गोळा काढून तिथं धातूचा बसवला. दुसऱ्या दिवशी व्यायाम शिकवणाऱ्या मॅडम आल्या आणि आत्याला वॉकरला धरून उभी करायला लागल्या. हिरामावशीनं भिंतीकडे तोंड फिरवलं. मॅडमनी आम्हाला दोनदा बजावलं, "घरी गेल्यावर रोज चालवायचं. झोपवून ठेवलंत तर छातीत कफ साठेल, पाठीला जखमा होतील. आता चालणं हेच औषध आहे." आत्यानं वॉकरच्या आधारानं थोडी पावलं टाकली. घामानं डबडबली. पलंगावर बसताना मला म्हणाली, "ह्यो घोडा बरा हाय. हॉर्न वाजवत न्हाई."

आणि मग आम्ही घरी आलो. इथून पुढचं लिहिताना माझा हात थांबतो. त्यात वाईट वागलेलं कुणीच नाही, हेच सांगणं सगळ्यात अवघड वाटतं.

बायकांनी आत्याला अक्षरशः जपलं. फरशीवर गोणपाटं अंथरली. आळीपाळीनं एकेक जण कामाचा खाडा करून तिच्यापाशी बसायची. भरवायच्या, केस विंचरायच्या, खाटेवरच शी-शूचं भांडं द्यायच्या. पण तिला उठू द्यायच्या नाहीत. पहिल्याच सकाळी मी वॉकर खाटेजवळ आणला तर हिरामावशी आडवी आली. "ठिव तिकडं. एकदा चालीवलं त्याचं फळ बघितलं न्हाई का?" मी म्हणाले, "मावशी, तेव्हा चालवायचं नव्हतं, आता चालवायचंय. डॉक्टरांनीच सांगितलंय." ती म्हणाली, "तवा आमी बी आसंच छातीठोक सांगत हुतो." आईनं माझी बाजू घेतली, वडिलांनीही, पण जोर लावून कोण बोलणार? पुन्हा काही निसटलं तर? प्रत्येकाच्या डोळ्यांपुढं ती विहाराची पायरी होती. आत्या खाटेवरून एकेकाचं तोंड बघत होती. शेवटी तिनं हिरामावशीचा हात धरला. "बरं बाई," आत्या म्हणाली, "तुमी म्हनाल तसं." वॉकर डोळ्यांपुढं असला की ती हट्ट धरेल म्हणून तो माळ्यावर टाकला.

त्यानंतर तिनं उठायचं नाव काढलं नाही. मी मधून मधून विचारायचे, "आत्या, बघूया का थोडं?" ती म्हणायची, "राहू दे. बाया घाबरत्यात." मला वाटलं, ती स्वतःच घाबरली आहे आणि बायकांचं नाव पुढं करते आहे. जिच्या चालीनं सगळी रांग चालायची ती घाबरली, हे बघवत नव्हतं. भांडं द्यायची वेळ आली की ती डोळे मिटून घ्यायची. एकदा म्हणाली, "प्रज्ञा, तुला सांगते, मानसाला दुसरं काय नसलं तरी चालंल. मोरीपत्तुर आपल्या पायानं जाता यावं." तेवढंच. बाकी टोमणे चालू होते, पण खालच्या आवाजात, जणू कुणाला जाग येईल.

घरं चालवायची असतात. बायकांचे खाडे किती दिवस पडणार? हळूहळू सगळ्या कामाला जायला लागल्या. आईही अर्ध्या दिवसावर जाऊ लागली, सकाळी टोळीबरोबर जायची आणि दुपारी पायी परत यायची. वडील आणि मीही बाहेर असायचो, तेवढा वेळ आत्या घरात एकटी असायची. पाणी, भांडं, मोबाईल हाताशी ठेवलेलं असायचं. मग खोकला सुरू झाला. ताप आला, उतरला, परत आला. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, छातीत कफ आहे म्हणाले. पाठीला जखम झाली होती ती आईनं मला दाखवली नाही, वासावरून कळली. शेवटच्या सकाळी मी कॉलेजला निघाले तेव्हा आई घरीच थांबली होती. आत्या जागी होती, पण बोलत नव्हती. मी "येते" म्हणाले तर तिनं पापण्या हलवल्या. त्या दुपारी टेम्पो विहाराच्या कोपऱ्यावर उभा दिसला.

आता वस्तीवर मला माणसांचे चेहरे आधी दिसत नाहीत, पाय दिसतात. श्रीरामपूरच्या स्टँडवर एखादी म्हातारी बसच्या पायरीवर पाय ठेवते तेव्हा मी श्वास रोखून धरते. आईनं परवा निऱ्या वर खोचल्या आणि "ही साडी जरा लांबच हाय" म्हणाली. मी तिला त्याच आठवड्यात श्रीरामपूरला दाखवायला नेलं. ती वाटेत म्हणत होती, "मला काय धाड भरलीय?" हिरामावशीला चल म्हणाले तर ती येत नाही. ती आता फारसं बोलतच नाही. टोळीची कडेची पात तिनं धरावी असं बायकांनी ठरवलं, पण ती दुसरीकडे जाऊन बसते.

गेल्या आठवड्यात वडिलांनी आत्या निजायची ती खोली रंगवायला काढली. औषधांचा वास जात नव्हता. गोणपाटं उचलली, खाट बाहेर काढली, सगळ्या भिंतींना डिस्टेंपरचा एक हात दिला. तो वाळला तेव्हा खाटेपासून दाराकडे जाणाऱ्या भिंतीवर पिवळट डाग वर आले. वडिलांनी दुसरा हात दिला. डाग पुन्हा आले, जरा फिके. ते चिडले. "तेल लागलंय. तेलावर रंग बसत न्हाई. कोन टेकत हुतं रं हितं?" आम्ही कुणीच टेकत नव्हतो. आई हात पुसत आली. डाग एका ओळीत होते, कमरेच्या थोडे वर, एकमेकांपासून अगदी छोट्या पावलाच्या अंतरावर. मी जवळ गेले. ते तळवे होते. बोटं वेगवेगळी दिसत होती.

आईनं कुणालातरी पाठवून हिरामावशीला बोलावलं. ती आली, दारातच थबकली. मग भिंतीपाशी गेली आणि एका डागावर तिनं आपला तळवा ठेवला. "हे माझं तेल हाय," ती म्हणाली. रोज सकाळी टेम्पोत बसायच्या आधी ती धावत यायची आणि आत्याच्या हातांना तिळाचं तेल चोळून जायची. पायाला हात लावायची तिची हिंमत नव्हती, म्हणून हातांना. टेम्पो निघून गेला, आई गेली, घर रिकामं झालं, की आत्या त्याच तेलाच्या हातांनी भिंत धरून उठत होती. वॉकर माळ्यावर होता, तिच्याजवळ फक्त भिंत होती. आम्ही नीट बघितलं. काही ठशांची बोटं दाराकडे होती आणि काहींची खाटेकडे. म्हणजे ती जात होती आणि परत येऊन, आम्ही यायच्या आत, आम्ही सांगितलं होतं तशी आडवी होत होती. अखेरचा ताप येईपर्यंत कितीतरी वेळा. ती घाबरली नव्हती. आम्ही घाबरू नये म्हणून झोपून राहत होती.

वडील ब्रश हातात धरून खाली बसले. आई म्हणाली, "मला रोज म्हनायची, दार उघडं ठिवून जा, वारा येतो..."

ठसे दाराच्या चौकटीपर्यंत होते. चौकटीजवळ ते वेगळे दिसत नव्हते, एकावर एक पडून तिथं एकच गडद डाग झाला होता. उंबऱ्याच्या बाहेर काही नव्हतं. उंबरा उंच आहे, तो तिला ओलांडता आला नसावा. हिरामावशी तिथं जाऊन उभी राहिली. त्या डागावर हात टेकवला, आत्यासारखं अंग झुकवलं आणि बाहेर बघितलं. मग म्हणाली, "हितनं टेम्पो दिसतो की गं. पार पाटाच्या वळनापत्तुर." आणि आमच्याकडे न बघता, "आमी कुनी कदी मागं वळून बघितलंच न्हाई."

वडिलांनी तिसरा हात दिला नाही. पण मी लिहायला बसले ते त्यासाठी नाही. काल सकाळी टेम्पो निघाला तेव्हा मी ओट्यावर उभी होते. बायका एरवी केबिनकडे तोंड करून बसतात, वारा लागू नये म्हणून पदर ओढून. काल सगळ्या मागं तोंड करून बसल्या होत्या. त्यांच्यात हिरामावशी होती, आई होती. टेम्पो विहारावरून पुढं गेला, पाटाला लागला, वळणावर गेला, तोवर त्या आमच्या दाराकडे बघत होत्या. मी बाजूला सरकले... दार मोकळं दिसावं म्हणून.